ओसरीवरून लिहिलेला अहवाल

२ सप्टेंबर १९७९, रविवार. वसमत

"मंग तू व्हणार तरी काय?" मायचा आजचा प्रश्न. बी.ए. झाले तेव्हा तिनं असं काही विचारलं नव्हतं. आमच्या घरातलं कुणीतरी पदवीपर्यंत गेलं, तेही पोरगी, एवढंच तेव्हा पुरे होतं. आता हिंगोलीच्या कॉलेजात हा एक वर्षाचा अभ्यासक्रम. मानसिक व सामाजिक आरोग्य सेवा. "नर्स व्हणार का?" नाही. "मास्तरीण?" नाही. "मंग येड्यायची डाक्टर?" डॉक्टर तर नाहीच. मी सांगितलं, लोकांच्या मनाची तकलीफ ऐकून घ्यायची, त्यांना योग्य जागी पोचवायचं. माय म्हणाली, "ते तर मी रोजच करून राहिले. त्याला कालेज कशाला?"

 

अण्णा हळदीच्या गोदामातून आले होते, हात कोपरापर्यंत पिवळे. म्हणाले, "व्हईल काहीतरी. शिकू दे तिला."

४ सप्टेंबर, मंगळवार. हिंगोली

जोशीबाईंनी गावं वाटून दिली. मला आणि खोलीतल्या शैलाला खैरवाडी. आखाडा बाळापूरला एस.टी.तून उतरायचं, पुढे अर्धा तास पायी. शुक्रवारपासून सुरुवात. प्रत्येकीनं एका रुग्णाचा घरभेट अहवाल करायचा, वर्षाचे निम्मे गुण त्यालाच. बाई म्हणाल्या, "घरात प्रवेश मिळवणं हे सेविकेचं पहिलं कौशल्य. दारात उभं राहून माणूस कळत नाही." वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.

मायला मी खेड्यात जाणं पसंत नाही. नामांतरावरून गेल्या वर्षी झालेली जाळपोळ ती विसरलेली नाही. मी तरी कुठे. पण घाबरून घरी बसायचं होतं तर शिकले कशाला?

७ सप्टेंबर, शुक्रवार

आमच्या हातातली वही पाहूनच बायका आत पळाल्या. "नसबंदीवाल्या आल्या!" आणीबाणीचे ते दिवस जाऊन दोन वर्षं झाली, धास्ती गेलेली नाही. शेवटी दवाखान्यातल्या सुईणबाईंनी ओळख करून दिली.

देवळामागच्या घरी दोघी गेलो. भागाबाई नावाची म्हातारी, मुलगा नामदेव, सून गया, तीन महिन्यांची नात. सून बाळंतपणापासून बरी नाही, असं सुईणबाईंनी सांगितलेलं. म्हातारीनं शैलाला आडनाव विचारलं, मग मला. शैलाला म्हणाली, "ये माय, आत ये, चहा टाकते." मला म्हणाली, "तुमी बसा की हितंच. ओसरीला वारं चांगलं हाय."

वारं खरंच चांगलं होतं.

११ सप्टेंबर, मंगळवार

शै.ला वरची आळी दिली, देवळामागचं घर माझ्याकडे. आज पाणी मागितलं. भागाबाईनं ओंजळ करायला लावून वरून ओतलं. मी प्यायले. बाहीला तोंड पुसलं.

परतताना शै. खुशीत. कुणीतरी तिला ठेचा-भाकरी खाऊ घातली होती. "किती प्रेमळ माणसं आहेत गं इथली!" मी हो म्हटलं.

तिच्यावर राग नाही. तिनं काही केलेलं नाही. पण हो का म्हटलं मी?

१४ सप्टेंबर, शुक्रवार

भागाबाई आज मोकळेपणानं बोलली. "रातभर डोळा लागत न्हाई तिचा. एकटीच बडबडती. लेकरू रडलं तरी हलत न्हाई. बाहेरचं हाय, दुसरं काय? दर्ग्यावर नेलं, ताईत बांधला." नामदेव अंगणात बैलाच्या कासऱ्याला गाठ मारत होता. वर पाहत नव्हता.

मी म्हटलं, जरा भेटू का तिला?

"आत अंधार हाय बाई. अन् अंगावर येती ती. कशाला जीव धोक्यात घालता?"

आतून लेकरू रडलं. बांगड्या वाजल्या आणि रडणं थांबलं.

मी वहीत भागाबाईचं बोलणं उतरवत होते.

१८ सप्टेंबर, मंगळवार

आजही ओसरीच. शुक्रवारी अहवाल द्यायचा आहे. नाव, वय, कुटुंब, आजाराची सुरुवात, सगळं भरून झालं. एक रकाना राहिला: प्रत्यक्ष निरीक्षण.

कोरा ठेवला तर बाई विचारणार. का नाही पाहिलंस? मग सांगावं लागणार. पंधराजणींच्या वर्गात सांगावं लागणार की मला ओसरीच्या पुढे येऊ दिलं नाही. बाकी सगळ्या स्वयंपाकघरापर्यंत गेल्या. शै. तर चुलीपुढे बसून आली.

दुपारभर पेन हातात धरून बसले. मग भरला. "रुग्ण उदास व विस्कटलेली दिसते. स्वतःशी बोलते. मुलाच्या रडण्याला प्रतिसाद देत नाही." भागाबाईचेच शब्द, फक्त पुस्तकी मराठीत. शेवटी शिफारशींत वर्गातल्या टिपणांतलं एक वाक्य घातलं: अशा रुग्णाजवळ तान्हे मूल एकटे ठेवू नये.

हे सगळं तिला दवाखान्यात नेतील म्हणून. उद्देश चांगला आहे.

२१ सप्टेंबर, शुक्रवार

जो. बाईंनी माझा अहवाल वर्गात वाचून दाखवला. "निरीक्षण कसं असावं? असं. डोळ्यांपुढे बाई उभी राहते." सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. आनंद झाला, हेही लिहून ठेवते. खोटं एकदा लिहिलं तेवढं बास.

तीन प्रती. एक कॉलेजला, एक दवाखान्याला, एक कुटुंबाला. तिन्हींवर कॉलेजचा गोल शिक्का, त्याखाली माझी सही.

२५ सप्टेंबर, मंगळवार

कुटुंबाची प्रत नामदेवच्या हातात दिली. म्हटलं, हा कागद घेऊन परभणीच्या मोठ्या दवाखान्यात जा, तिथल्या डॉक्टरांना दाखवा. त्यानं शिक्क्यावरून अंगठा फिरवला. "ह्यो सरकारी हाय का?" कॉलेजचा आहे, म्हटलं. "म्हंजे बराबर हाय." पहिल्यांदाच हसला माझ्याकडे बघून.

५ ऑक्टोबर, शुक्रवार

मागच्या शुक्रवारी ताप, मंगळवारी गांधीजयंतीची सुट्टी, आज चाचणी परीक्षा. तीन भेटी बुडाल्या.

९ ऑक्टोबर, मंगळवार

गया घरात नाही. माहेरी धाडली, आठ दिवस झाले. लेकरू भागाबाईच्या मांडीवर. बाजूला वाटी, वाटीत शेळीचं दूध, कापसाचा बोळा.

मी विचारलं, लेकरू आईबरोबर का नाही पाठवलं?

"आवं तुमीच लिवलं न्हाई का? लेकरू जवळ ठिवू नका म्हून! शाळेच्या मास्तरनं वाचून दावलं सगळ्यायला." आणि वर, "लई उपकार झाले बाई तुमचे. इतके दिस कुणी आमचं ऐकत नव्हतं."

दवाखान्याचं विचारलं. दवाखाना कशाला, आता कागद हाय ना.

चहा दिला. कान तुटलेल्या कपात, तो वेगळा ठेवलेला असावा. मी तोही प्यायले.

लेकरू बोळा तोंडात धरत नव्हतं.

१३ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी खोलीवर एक म्हातारे गृहस्थ. धोतर, टोपी, पायात धूळ. गयाचे वडील, किसनराव. वसमतच्या अलीकडच्या खेड्यातले. कॉलेजच्या शिपायाकडून पत्ता काढून आले होते. शै.नं खुर्ची दिली, ते बसले नाहीत.

"तुमीच का त्या लिवणाऱ्या बाई?"

हो.

"तुमी पाह्यलं का माझ्या लेकीला?"

शै. माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "नाही."

ते रागावतील वाटलं होतं. रागावले नाहीत. खालीच बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. मग सांगितलं ते असं: या महिन्याच्या शेवटच्या बुधवारी दोन्हीकडच्या पंचांची बैठक खैरवाडीला आहे. नामदेवला फारकत पाहिजे. दुसरी पोरगी बघून ठेवली आहे. लेकरू त्यांच्याकडेच राहणार, आई वेडी आहे म्हणून. पुरावा काय, तर कागद. "आमच्याकडलं कुणी शिकलेलं न्हाई बाई. कागदापुढं आमी काय बोलावं?"

ते गेल्यावर शै. म्हणाली, "मला सांगायचंस ना! मी आत जाऊन बघून आले असते."

तेच तर मला सांगायचं नव्हतं.

१४ ऑक्टोबर, रविवार

किसनरावांच्या गावी गेले. त्यांच्या बायकोनं आत घेतलं, पाट दिला. मी माझं आडनाव आपणहून सांगितलं. ती म्हणाली, "असू द्या. बसा."

गया. माझ्याच वयाची. बारीक, केस विंचरलेले नाहीत, डोळ्यांखाली काळं. भिंतीकडे तोंड करून बसली होती. छातीला पदर ओला. आई म्हणाली, "दूध साचतंय. दिसातून चारदा पिळून तुळशीबुडी टाकती. ठणका लागतो तिला."

मी नाव सांगितलं. ती तोंड न वळवता म्हणाली, "ओसरीवर येत होत्या त्याच का?"

हो.

"मला आतून दिसायच्या तुमी. तुमचं पाय दिसायचं, चपलीचं. म्या वाट पाहत होते कवा आत येतील म्हून."

मी म्हटलं, येऊ दिलं नाही.

"मला तरी कुटं बाहेर येऊ दिलं?"

नंतर म्हणाली, एकटीच बोलते हे खरं आहे. "दुसरं कोन बोलतं माझ्यासंगं?" झोप येत नाही हेही खरं. विहिरीत जावंसं वाटतं का, विचारायला पाहिजे होतं, प्रश्नावलीत आहे. विचारलं. ती नखानं भिंत कोरत राहिली. आईच्या तोंडाला पदर.

लेकराचं नाव काय ठेवलं, विचारलं. तेव्हा वळली. "त्याईनं ठिवलं न्हाई. म्या सोनी म्हनते."

त्या दिवशी लेकरू रडत होतं तेव्हा म्हातारी माझ्यापुढे बसली होती, नामदेव अंगणात होता. मग बांगड्या कुणाच्या वाजल्या? मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, आणि तेवढंच लिहिलं नाही.

ती आजारी आहे का? आहे असं वाटतं. पण लेकराला घातक? मला माहीत नाही. मला आत्तापर्यंत काहीच माहीत नव्हतं.

१६ ऑक्टोबर, मंगळवार

जो. बाईंना सगळं सांगितलं. त्यांच्या खोलीत, दार लावून. ओसरीचंही.

बाई टेबलावरची टाचणी फिरवत राहिल्या. वाईट वाटलं त्यांना, खोटं वाटलं नाही मला. "मला का नाही सांगितलंस गं? मी दुसरं घर दिलं असतं."

मग समजावलं. अभ्यासक्रमाचं हे पहिलंच वर्ष. अहवाल खोटा निघाला असं बाहेर गेलं तर अभ्यासक्रम बंद पडेल, पंधराजणींचं नुकसान. माझे निम्मे गुण जातील, म्हणजे प्रमाणपत्र जाईल. दवाखान्यात सेविकेची जागा निघणार आहे, माझं नाव त्यांनी सुचवलं आहे. "आणि जातीचं तर काढूच नकोस, सुमन. गेल्या वर्षी काय झालं तू पाहिलंस. पुन्हा पेटायला वेळ लागतो का?"

त्या मला भीती घालत नव्हत्या. त्या स्वतः घाबरल्या होत्या.

"पुन्हा एक भेट दे, सुधारित अहवाल लिही, माझ्याकडे दे. गावात काही देऊ नकोस." असं म्हणाल्या.

सुधारित अहवाल फाइलीत राहील. बैठक फाइलीत होणार नाही.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार. वसमत

दिवाळीची सुट्टी लागली. घरी सांगितलं. मायनं कपाळाला हात लावला. "तुला काय पडलं त्याईच्या घरचं? त्याईनं तुला उंबऱ्याच्या आत घेतलं न्हाई, अन् त्याईच्या सुनेपायी तू सर्टिफिकट घालवणार?"

मी म्हटलं, सुनेनं थोडंच अडवलं होतं मला.

"सुनेनं तरी या म्हन्लं का?"

तिचं चुकलं असं म्हणवत नाही. चार घरची धुणी धुऊन तिनं मला शिकवलं.

अण्णा जेवत होते. एकच विचारलं. "पाणी दिलं का?"

"वरून ओतलं."

घास ताटात ठेवला. हात धुतले. गोदामात गेले. आज त्यांची पाळी नव्हती.

२० ऑक्टोबर, शनिवार

अण्णा अजून बोललेले नाहीत. माझ्यावर राग आहे की कुणावर?

२१ ऑक्टोबर, रविवार

सकाळी अण्णा मागच्या दारी कडुनिंबाची काडी चावत बसले होते. मला बोलावलं. "तुला लाज वाटली म्हून तू खोटं लिवलं. लाज तुझी नव्हती, बाळ. दुसऱ्याची होती, तू उगंच आपल्या डोक्यावर घेतली." मग थांबून, "पर लिवलं ते तुझंच हाय."

काय कर, हे सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

२५ ऑक्टोबर, गुरुवार

पुन्हा गयाकडे. आज वेणी घातलेली. पण बोलली नाही. मला बघून न बघितल्यासारखं. आई म्हणते तीन दिवस जेवलेली नाही. मी म्हटलं, परभणीला नेऊ, मी बरोबर येते. किसनराव एकदम उठले. "आता दवाखान्यात नेलं तर पंच काय म्हन्तील? येडीच हाय म्हून नेलं! बुधवार हू द्या."

माझ्या कागदानं तिचं लेकरू गेलं, आणि माझ्याच कागदापायी तिचा दवाखाना अडलाय.

किसनरावांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुमी दुसरा कागद द्या. पोरगी शहाणी हाय, काही झालं न्हाई तिला, असं लिवा. शिक्का मारून."

मी म्हटलं, ते मला लिहिता येणार नाही.

"काहून? त्याईच्यासाठी लिवलं, आमच्यासाठी काहून न्हाई?"

पुन्हा न पाहिलेलं लिहू का? ती शहाणी आहे हे कुठे पाहिलंय मी? मी एवढंच लिहू शकते की मी तिला पाहिलं नव्हतं.

"मंग काय उपेग त्याचा?"

माहीत नाही, म्हटलं. ते माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होते ती चुकवून मी निघाले.

२९ ऑक्टोबर, सोमवार. हिंगोली

पंचांपुढे द्यायच्या कागदाचा मसुदा. चौथा. पहिल्यात नुसती माफी होती, दुसऱ्यात भागाबाईवर राग. तिसरा शै.ला दाखवला, तीही सुट्टीवरून लवकर परतली आहे. तिनं वाचला, कागद घडी करून परत दिला. "हे ओसरीचं राहू दे ना बाजूला. आजारपणामुळे भेट झाली नाही, असं लिही. तेवढ्यानंही काम होईल."

होईल कदाचित. पण मग पुढच्या वर्षी त्या गावात जी मुलगी जाईल ती कुठे बसेल?

शै. रडली. म्हणाली, "मी त्या घरी चहा प्यायले गं." तिला जवळ घेतलं. तिची चूक नाही, आणि तरी ती रडली ते मला बरं वाटलं.

३१ ऑक्टोबर, बुधवार

जसं झालं तसं लिहिते.

आखाडा बाळापूरला साडेनऊला उतरले. किसनराव थांब्यावर होते. पायी निघालो. खैरवाडीत देवळासमोर सतरंज्या अंथरलेल्या, सात-आठ पंच, भोवती गाव. बायका लांब भिंतीशी. लेकरू भागाबाईच्या कडेवर. बारीक झालंय.

मी सतरंजीच्या कडेला उभी राहिले. बसा कुणी म्हटलं नाही, आज मलाही बसायचं नव्हतं. कागद मास्तरांच्या हातात दिला. ते मोठ्यानं वाचू लागले. "मी, सुमन, अमुक अभ्यासक्रमाची विद्यार्थिनी, लिहून देते की गयाबाईंचा जो अहवाल मी सही करून दिला, त्यातील प्रत्यक्ष निरीक्षण खोटे आहे. मी त्यांना पाहिले नव्हते. मी बौद्ध असल्यामुळे मला..."

मास्तर थांबले. चष्मा पुसला. पुढे जाईनात. पंचांतला एकजण म्हणाला, "वाचा की." मास्तर म्हणाले, "अक्षर लागत न्हाई."

अक्षर चांगलं आहे माझं. मग पुढचं मीच म्हटलं, पाठ होतं. "...मला ओसरीच्या पुढे येऊ दिले नाही, आणि हे सांगण्याची लाज वाटून मी ऐकलेले पाहिले म्हणून लिहिले. तान्हे मूल जवळ ठेवू नये हे वाक्य वर्गातल्या टिपणांतले आहे, त्या घरातले नाही. गयाबाई आजारी आहेत की नाहीत हे मला ठरवता येत नाही. ते डॉक्टरांनी ठरवावे. तोपर्यंत माझ्या कागदाच्या आधारावर कोणताही निर्णय करू नये."

मध्ये एकदा थांबले, कुणी हसलं म्हणून. कुणी काहीतरी म्हणालं, ते इथं लिहीत नाही.

नामदेव उठला. "शिक्का हाय न् त्याच्यावर? शिक्का खोटा असतो का?"

शिक्का कॉलेजचा आहे, म्हटलं, खोटं माझं आहे.

भागाबाई म्हणाली, "आमी पाणी पाजलं हो हिला!" आणि खरंच रडायला लागली. तिला मी फसवल्यासारखं वाटलं असणार.

पंचांचं बोलणं तासभर चाललं. फारकतीचं आठ दिवसांनी बघू. लेकराचंही तेव्हाच. एक म्हातारे पंच म्हणाले, तोवर पोरीला डाक्टरला दाखवून घ्या, दोनी घरचं एकेक मानूस संगं जाऊ द्या. किसनरावांनी मान हलवली, हो की नाही कळलं नाही. लेकरू आज तरी तिथंच राहिलं. आम्ही निघालो तेव्हा बोळा चोखायचा आवाज येत होता.

वाटेत किसनराव एकदाच बोलले. "तुमी शहाणी हाय म्हन्ल्या असत्या तर आज घेऊन गेलो असतो लेकरू." त्यांचं खरं असेल.

उद्या कॉलेज उघडेल. जो. बाई विचारतील, हे कुठपर्यंत गेलं, अजून थांबवता येतं का. थांबवता येत नाही. आज सकाळी गाडी पकडायच्या आधीच, त्यांच्या घरी जाऊन, त्याच कागदाची सही केलेली प्रत आणि माझा अहवाल रद्द करावा असा अर्ज त्यांच्या हातात दिला, आणि त्या काही म्हणायच्या आत जिना उतरले.